मॅन्युअल की ऑटोमॅटिक? गोव्यात आधी घरासमोरचा चढ बघा

शोरूममध्ये गाडी ठरली, रंग ठरला की बोलणे हमखास एका जागी अडते : ऑटोमॅटिकला एवढे हजार जास्त पडतात, घ्यावी का? प्रश्न पैशांचा वाटतो, पण गोव्यात तो आधी चढ-उताराचा आहे. म्हापशाहून रोज पणजीला कामावर जाणाऱ्याची गरज वेगळी, वाळपईहून आठवड्यातून दोनदा फोंड्याला उतरणाऱ्याची वेगळी. ज्याचे घर रस्त्यापासून पुरुषभर उंचावर आहे आणि गेटमधून गाडी उलटी वर चढवावी लागते, त्याची तर अगदीच वेगळी. त्यातच 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि डीसीटी अशा चार निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात, आणि सपाट रस्त्यावर साधारण सारख्या वाटणाऱ्या या चारही यंत्रणा चढावर एकमेकींपासून फार वेगळ्या वागतात. शोरूममधली टेस्ट ड्राइव्ह बहुधा सपाट हायवेवरच होते, त्यामुळे हा फरक गाडी घरी आल्यावर कळतो. म्हणून इथे प्रत्येक प्रकार गोव्याच्या रस्त्यावर काय करतो ते पाहू.

एएमटी : सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत जास्त समजून घ्यावी अशी

सर्वाधिक खपणारी ऑटोमॅटिक हीच, म्हणून तिच्यावरच जास्त लिहिणे भाग आहे. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आतून मॅन्युअलच असते. तोच गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट, तेच प्रेशर प्लेट. क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांच्या जागी फक्त ॲक्च्युएटर (हुकमाने हलणारी छोटी यंत्रे) बसवलेले असतात आणि त्यांना एक छोटा संगणक हुकूम देतो. मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओमधून ही यंत्रणा आणली. ती तिला एजीएस म्हणते. आज वॅगन आर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो, फ्रॉन्क्सचे १.२ लिटर मॉडेल, टाटाच्या टियागो आणि पंच, ह्युंदाईची एक्स्टर या सगळ्यांत ती मिळते. मॅन्युअलपेक्षा साधारण ४५ ते ६० हजार रुपये जास्त पडतात. मायलेज कमी होईल ही भीती इथे लागू नाही. २०२४ च्या स्विफ्टचे कंपनीने दिलेले आकडेच बघा : मॅन्युअल २४.८० आणि एएमटी २५.७५ किलोमीटर प्रतिलिटर. टाटाने फेब्रुवारी २०२४ मध्ये टियागो आणि टिगोर सीएनजीवरही एएमटी दिली, त्यामुळे रोज लांब जाणाऱ्याला स्वस्त इंधन आणि रिकामा डावा पाय ही दोन्ही सुखे एकत्र मिळू लागली.

सपाट रस्त्यावरच्या कोंडीत एएमटी खरोखर उपयोगी आहे. ब्रेकवरून पाय काढला की गाडी आपणहून हळूहळू पुढे सरकते. हंगामात कळंगुट-बागाच्या रस्त्यावर किंवा मडगावच्या बाजारातून जाताना अर्ध्या तासात क्लच शे-दीडशे वेळा दाबावा लागतो. ते सगळे वाचते, आणि गुडघा दुखणाऱ्या माणसासाठी एवढे कारणही पुरेसे आहे.

पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना बसणारा आचका हे एएमटीचे सर्वांत बोलले जाणारे गाऱ्हाणे. गिअर बदलताना क्षणभर क्लच सुटलेला असतो आणि तेवढ्या वेळात इंजिनाची ओढ चाकांपर्यंत पोहोचत नाही. मॅन्युअल चालवताना त्याच क्षणी आपण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतो, एएमटीत मात्र दाबूनच ठेवतो, म्हणून मान पुढे-मागे होते. उपाय सोपा आहे. गाडीने १५ किलोमीटरच्या आसपास वेग घेतला आणि इंजिनाचा आवाज चढू लागला की पाय किंचित सैल करावा, गिअर पडू द्यावा, मग पुन्हा दाबावा. चार-पाच दिवसांत पायाला सवय होते आणि आचका जवळजवळ नाहीसा होतो.

चढाची गोष्ट निराळी. पणजीत आल्तिनोवर, वास्कोत सड्याकडे जाताना, पुलावरून पर्वरीला चढताना गाड्या एकमेकींना चिकटून थांबतात. अशा वेळी अनेक जण ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच गाडी चढावर धरून ठेवतात. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी हे काही काळ सहन करते. एएमटीत त्याचा अर्थ सरळ 'हाफ क्लच', म्हणजे अर्धवट सोडलेला क्लच, असा होतो. क्लच प्लेट इंजिनाच्या फिरत्या चकतीवर, फ्लायव्हीलवर, घासत राहते, मिनिटभरात तापते, आधी करपलेला वास येतो, मग डॅशबोर्डवर इशारा लागतो, आणि तरीही धरून ठेवले तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी क्लच सोडून देते. गाडी मागे यायला लागते ती इथे. म्हणून एएमटी चढावर उभी करायची ती पायब्रेकवर किंवा हँडब्रेकवरच. पायब्रेक दाबला की एएमटीत क्लच पूर्ण सुटतो आणि झीज थांबते, एवढे लक्षात ठेवले तर क्लचचे निम्मे आयुष्य वाचते.

हिल होल्ड असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी साधारण दोन सेकंद जागेवर राहते. दोन सेकंद म्हणजे उजवा पाय शांतपणे ॲक्सिलरेटरवर नेण्याइतका वेळ, त्याहून जास्त नाही. गाडी कुठल्याही कंपनीची असो, आपण घेतो त्याच व्हेरिअंटमध्ये हिल होल्ड आहे का हे यादीत स्वतः वाचून घ्यावे. एएमटीत ते नसेल तर गोव्यात ती गाडी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गेटमधून उलटी गाडी

याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि गोव्यातल्या एएमटीवाल्यांचे सर्वांत जास्त क्लच इथेच खर्ची पडतात. घर रस्त्याच्या वर, गेटपासून अंगणापर्यंत पंधरा-वीस फुटांचा तीव्र उतार, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा. सकाळी सरळ बाहेर पडता यावे म्हणून गाडी रात्रीच उलटी वर न्यायची. मॅन्युअलमध्ये डावा पाय क्लच केसभर सोडतो आणि गाडी इंच-इंच चढते. एएमटीत हा केसभर सोडण्याचा ताबा आपल्याकडे नसतो. आर (रिव्हर्स) टाकला की नुसत्या सरकण्याच्या बळावर गाडी चढत नाही. थोडे ॲक्सिलरेटर दिले तर क्षणभर काहीच होत नाही, म्हणून आणखी दिले जाते, आणि मग गाडी एकदम उसळते. मागे गडगा दोन फुटांवर. घाबरून ब्रेक, पुन्हा तेच. चार फेऱ्यांत अंगणभर वास पसरतो.

असे करावे : हँडब्रेक ओढून ठेवावा, आर टाकावा, पायब्रेक सोडून ॲक्सिलरेटर सावकाश दाबावा, इंजिन मिनिटाला १५०० ते १८०० फेऱ्यांपर्यंत आणावे. गाडीची मागची बाजू किंचित दबल्यासारखी वाटली, म्हणजे क्लचने पकड घेतली, की हँडब्रेक हळू सोडावा. एकदा निघाल्यावर मध्ये थांबू नये आणि ॲक्सिलरेटर कमी-जास्त करत बसू नये. मागे अडखळ असेल तर गाडी सरळ खाली आणून पुन्हा नव्याने चढवावी. याहून सोपा मार्ग म्हणजे गाडी सरळ वर घालणे आणि बाहेर काढताना उलटी उतरवणे. उतरताना ब्रेकवर पूर्ण ताबा राहतो आणि क्लचला काही करावेच लागत नाही. पण गेट वर्दळीच्या रस्त्यावर उघडत असेल तर उलटे बाहेर पडणे धोक्याचे. अशा घरासाठी एएमटीचा विचार सोडावा.

टॉर्क कन्व्हर्टर : चढासाठी हीच

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी तेल. एक पंखा तेल ढवळतो, त्या प्रवाहाने समोरचा पंखा फिरतो. घासणारी प्लेट मध्ये नसल्यामुळे गाडी चढावर सावकाश, दोराने ओढल्यासारखी निघते आणि उलटी चढवतानाही तशीच वागते. वेग स्थिर झाला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, त्यामुळे हायवेवर इंधन वाया जात नाही. मारुतीची ब्रेझा आणि एर्टिगा, फ्रॉन्क्सचे १.० लिटर टर्बो, स्कोडाची कायलॅक, स्कोडा स्लाव्हिया व फोक्सवॅगन व्हर्टसची १.० लिटर मॉडेले, महिंद्राच्या ३एक्सओचे टर्बो पेट्रोल, डिझेल क्रेटा, या सगळ्यांत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. जिम्नीत चार गिअरचाच आहे. घाटात तो ठीक चालतो, हायवेवर इंजिनाचा आवाज मात्र जास्त येतो.

मॅन्युअलपेक्षा लाख-सव्वा लाख किंवा त्याहूनही जास्त मोजावे लागतात. चढावरचे घर असेल तर ते मोजावेत.

पार्किंगची एक चूक इथे जवळजवळ प्रत्येक जण करतो. उतारावर गाडी थांबवली, लगेच पी (पार्क) टाकला, पाय काढला. गाडी दोन बोटे सरकते आणि तिचे सगळे वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या दातावर येऊन पडते. सकाळी पी मधून काढताना 'टक' असा मोठा आवाज येतो तो या ताणाचा. खरा क्रम असा : पायब्रेक दाबलेला, एन (न्यूट्रल) टाकायचा, हँडब्रेक घट्ट ओढायचा, पायब्रेक सैल करून वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचे, पुन्हा ब्रेक दाबून मग पी.

एएमटीच्या बहुतेक गाड्यांना पी नसतोच. त्या गिअरमध्येच बंद कराव्या लागतात : ब्रेक दाबून डी (ड्राइव्ह) किंवा आर, हँडब्रेक, मग इंजिन बंद. एनमध्ये बंद केलेली एएमटी फक्त हँडब्रेकवर उभी असते, आणि चढावरच्या गल्लीत ते पुरेसे नाही.

सीव्हीटी आणि डीसीटी

सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांवरचा पोलादी पट्टा. पुलींची रुंदी बदलली की गुणोत्तर बदलते. आचका हा प्रकारच नाही. होंडा अमेझ, एलिव्हेट, १.५ लिटर साधी पेट्रोल क्रेटा, निस्सान मॅग्नाइटचे टर्बो मॉडेल यांत ती मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या अमेझचे आकडे मॅन्युअलला १८.६५ आणि सीव्हीटीला १९.४६ असे आहेत, म्हणजे इथेही मायलेजची तक्रार उरत नाही. शांतपणे चालवणाऱ्या माणसाला, घरातल्या ज्येष्ठांना घेऊन फिरणाऱ्याला यासारखी गाडी नाही. जोरात दाबले की मात्र आवाज आधी वाढतो आणि वेग मागाहून येतो. अनमोड घाटात लोडेड ट्रकच्या मागे अडकून ओव्हरटेक करताना हे लक्षात ठेवावे : एस (स्पोर्ट) मोड आधीच टाकावा, मग बाहेर पडावे. या गिअरबॉक्समध्ये सीव्हीटीचेच तेल घालायचे असते. इतर ऑटोमॅटिकचे साधे तेल (एटीएफ) चुकून घातले तर पट्टा घसरतो आणि गिअरबॉक्स संपतो.

डीसीटी म्हणजे दोन क्लच : एक विषम गिअरना, एक सम गिअरना. पुढचा गिअर तयारच असतो, त्यामुळे बदल डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात होतो. हायवेवर आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर मजा येते. कोरड्या क्लचचा प्रकार मात्र इंचाइंचाच्या कोंडीत तापतो, कारण आत तेच हाफ क्लचचे घासणे चालू असते. अशा कोंडीत पुढची गाडी सरकली की लगेच सरकू नये. दोन गाड्यांएवढी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग एकदम जावे. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामामुळे झालेल्या रांगांमध्ये मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्यावेत. तेलात बुडालेल्या क्लचची डीसीटी, उदाहरणार्थ टाटाच्या नेक्सॉनमधली, उष्णता बरी सोसते. घेण्याआधी क्लच कोरडा की ओला हे नक्की विचारावे.

विजेच्या गाडीत गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही. एकच गुणोत्तर, शून्यापासून पूर्ण ओढ. चढावर उलटी चढवण्याच्या परीक्षेत ती सगळ्यांच्या पुढे जाते. बाकी चार्जिंगचा हिशेब हा वेगळा विषय.

मॅन्युअल कोणी घ्यावी

सत्तरी, सांगे, काणकोणकडे राहणारे, रोजचा रस्ता मोकळा, घाट वरचेवर, आणि जवळचे चांगले सर्व्हिस सेंटर तासाभरावर. या माणसाला मॅन्युअल आजही सर्वांत शहाणी खरेदी आहे. बॅटरी उतरली तर उतारावरून ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये चालू होते. कुठलीच ऑटोमॅटिक अशी चालू होत नाही. क्लच गेला तर गावातला मेस्त्री बदलून देतो. बंद पडली तर साध्या दोरीने ओढता येते. एएमटी सोडून पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक पुढची चाके जमिनीवर ठेवून लांबवर ओढली तर आत तेल फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा घासतो. तिला ट्रकवर चढवूनच न्यावी लागते, आणि तो ट्रक पावसात जंगलातल्या रस्त्यावर यायला वेळ लागतो.

चांगल्या हाती मॅन्युअलचा क्लच ६० ते ८० हजार किलोमीटर सहज जातो. वाईट सवयीने ३० हजारांतही संपतो. वाईट सवयी दोनच : डावा पाय सतत क्लचवर टेकवून ठेवणे, आणि चढावर हाफ क्लचवर उभे राहणे. चढावर निघायचे ते हँडब्रेकवर. पहिला गिअर, क्लच सावकाश सोडत न्यायचा, इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित वर उचलले की थोडे ॲक्सिलरेटर, मग हँडब्रेक सोडायचा. हे ज्याला येते त्याला चोडणच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर कधी घाम फुटत नाही.

फेरीधक्का हा गोव्यातल्या प्रत्येक गाडीचा खरा परीक्षक आहे. ओहोटीला पाणी खाली गेले की धक्क्याचा एरवी बुडलेला भाग उघडा पडतो. तो ओला, चिखलाचा, शेवाळलेला असतो. पुढे फेरीचा पोलादी दरवाजा, मागे रांगेतली गाडी. फेरीतून उतरून वर चढताना जोरात ॲक्सिलरेटर दिले की चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी आडवी सरकते. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असेल तर ब्रेक हळू सोडून आधी सरकू द्यावी आणि पकड घेतल्यावरच थोडे दाबावे. एएमटीत एम मोडवर (यात गिअर आपण ठरवतो) पहिला गिअर, अंतर ठेवून, न थांबता वर. पुढची गाडी पूर्ण वर पोहोचेपर्यंत आपण फेरीच्या सपाट तळावरच थांबावे. खलाशी घाई करतो, तरी थांबावे. फेरी चालू असताना हँडब्रेक आणि पी, किंवा गिअर, दोन्ही हवेत.

घाट उतरताना

चोर्ला, अनमोड, काणकोणच्या वाटेवरचा करमल. तिन्हीकडे उतरताना करपलेला वास आला तर तो बहुधा ब्रेकचा असतो. ऑटोमॅटिक नुसती डीवर ठेवली की वेग वाढतो तशी ती वरचा गिअर टाकते, इंजिनाचा अडसर राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. जो गिअर चढताना लागतो तोच उतरताना ठेवावा, म्हणजे बहुधा दुसरा, मोकळ्या भागात तिसरा. एएमटी आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एम मोड, सीव्हीटीत एल (लो) किंवा एस. ब्रेक टेकवून ठेवायचा नाही. वळणाआधी ठामपणे दाबायचा आणि सोडायचा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर उतरणारे अजूनही आहेत. त्यात वाचत काहीच नाही, कारण गिअरमध्ये उतरताना आधुनिक इंजिन इंधन जवळजवळ बंदच करते. न्यूट्रलवर मात्र ते चालू ठेवायला इंधन लागते.

पावसाळा, खारा वारा आणि चार महिने उभी असलेली गाडी

साचलेल्या पाण्यातून जाताना मॅन्युअल असो वा ऑटोमॅटिक, पहिला गिअर पक्का आणि एकसारखी गती. मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण सोडलेला असावा. हाफ क्लचवर पाणी ओलांडले की पाणी प्लेटवर जाते आणि पलीकडे गेल्यावर क्लच घसरतो. ऑटोमॅटिकमध्ये डी न ठेवता एम किंवा एल. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर जाऊच नये, कारण गिअरबॉक्सलाही श्वास घ्यायला एक छोटी नळी असते आणि थंड पाण्यात गरम गिअरबॉक्समधली हवा आकसली की तिथून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले तर ते हेच. इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा चावी फिरवायची नाही, गाडी ओढूनच न्यायची. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घेताना त्यात गिअरबॉक्स धरला आहे का, हे शब्द वाचून बघावे.

किनारपट्टीवर खारी हवा वायरिंगच्या जोडांना खाते. एएमटी विजेवर जगते. बॅटरीची टर्मिनले पांढरी-हिरवी झाली, अर्थिंगची वायर गंजली की व्होल्टेज पडते आणि गिअरचा इशारा लागतो. अशा वेळी महागडा ॲक्च्युएटर बदलायला निघण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग तपासायला लावावे. बऱ्याचदा तेवढ्यावर भागते.

घरातला माणूस बोटीवर किंवा आखातात, गाडी चवथीपर्यंत अंगणात उभी, अशी घरे गोव्यात खूप आहेत. त्यांच्यासाठी हे मुद्दाम. पावसातल्या दमट हवेत क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. हे मॅन्युअलमध्ये आणि एएमटीत, दोन्हीकडे घडते. एएमटीत आणखी एक अडचण येते. गाडी गिअरमध्ये बंद केलेली असते, बॅटरी मेली की गिअर निघतच नाही, कारण तो काढायलाही वीज लागते. चाके जखडलेली, ढकलता येत नाही, ओढता येत नाही. आधी दुसऱ्या बॅटरीने वीज द्यावी, एन टाकावा, मगच हलवावी. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीच्या बहुतेक गाड्यांत गिअर दांड्याजवळ छोटे झाकण असते. त्याखाली चावी किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून पी सोडवता येतो. ही जागा गाडी चांगली असतानाच पाहून ठेवावी. चार महिन्यांसाठी सपाट जागी उभी करताना एएमटी एनमध्ये, चाकांखाली लाकडी ओंडके, हँडब्रेक सैल. आणि आठ-दहा दिवसांनी कोणीतरी पंधरा-वीस मिनिटे इंजिन चालू करून गाडी पुढे-मागे हलवावी.

खर्च आणि जुनी गाडी

मॅन्युअल गिअरबॉक्सला दोन लिटरच्या आसपास तेल लागते, काम स्वस्तात होते. टॉर्क कन्व्हर्टरचे तेल काढायचा बोल्ट उघडला की निम्म्याच्या आसपासच बाहेर येते. बाकीचे कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. म्हणून बिलावर 'एटीएफ बदलले' लिहिले असले तरी किती लिटर घातले ते विचारावे. किती किलोमीटरला बदलायचे हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. तिथे साध्या आणि खडतर वापराचे दोन वेगळे आकडे असतील तर घाटात आणि कोंडीत चालणाऱ्या गोव्यातल्या गाडीसाठी खडतरचा आकडा धरावा.

एएमटीची क्लच प्लेट मॅन्युअलएवढ्याच किमतीत येते, पण बदलल्यावर स्कॅनर लावून संगणकाला नवा क्लच कुठे पकडतो हे शिकवावे लागते. बाहेरच्या गॅरेजमध्ये प्लेट बसवली आणि हे केले नाही तर नवी प्लेटही आचके देते आणि लवकर जाते. गॅरेजकडे तुमच्या गाडीला चालणारा स्कॅनर आहे का, हे काम देण्याआधी विचारावे.

जुनी घेताना गोव्यात एक जास्तीची काळजी : गाडी पूर्वी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, म्हणजे भाड्याने पर्यटकांना दिलेली होती का, हे आरसी आणि वाहनाच्या नोंदींवरून तपासावे. अशा गाडीचा क्लच शंभर अनोळखी पायांखालून गेलेला असतो. मॅन्युअलची चाचणी सोपी आहे. सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून चौथा गिअर टाकावा आणि क्लच हळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच चांगला. घरघरत चालू राहिले तर घसरतो आहे. टॉर्क कन्व्हर्टरला तेलकाठी असेल तर तेल लालसर आणि पारदर्शक हवे. तपकिरी आणि करपट वासाचे असेल तर पुढे जाऊ नये. डी आणि आर टाकल्यावर ओढ यायला दोन सेकंदांहून जास्त लागले तरीही नाही. एएमटीची मात्र स्कॅनरवर नोंदी बघितल्याशिवाय खरेदीच करू नये.

टेस्ट ड्राइव्ह घरी मागवा

बहुतेक शोरूम गाडी घरी पाठवतात. ती संधी हायवेवर वाया घालवू नये. गाडी आली की घरातली चार माणसे बसवावीत, एसी चालू ठेवावा आणि आधी गावातल्या सर्वांत चढाच्या जागी मध्येच थांबावे. पायब्रेक सोडावा, ॲक्सिलरेटर न देता तीन मोजावेत. किती मागे येते ते बघावे. मग तिथूनच सावकाश निघावे, मागे कोणी उभे आहे असे समजून. नंतर घरी परत येऊन आपल्याच गेटमधून गाडी उलटी वर घालावी, आणि घरातली जी व्यक्ती सर्वांत जास्त चालवणार तिनेच घालावी. सेल्समनने करून दाखवलेले चालणार नाही. एकदा नव्हे, लागोपाठ पाच वेळा. पाचव्या फेरीला खिडकी खाली करून वास घ्यावा. वास आला नाही, इशाऱ्याचा दिवा लागला नाही, आणि चालवणाऱ्याचे खांदे आखडले नाहीत, तर बुकिंगची रक्कम द्यायला हरकत नाही.